संयुक्त विजेते

कूपरेजचे नाव निघाले की मला प्रथम आठवतो तो उकडलेल्या अंड्यांचा आणि वर्तमानपत्राच्या शाईचा वास. पायरीवर पसरलेला जुना कागद, त्यावर आईने बांधून दिलेला डबा, माझ्या एका बाजूला वडील, दुसऱ्या बाजूला माझा चुलतभाऊ, त्याच्या पलीकडे काका आणि समोर हिरव्या मैदानावर धावणारी बावीस माणसे. त्या दिवशी आम्ही दोन मुले मध्येच का बसविली गेलो, याचा उलगडा मला फार उशिरा झाला. तोवर माझ्या अंगावर धर्मगुरूचा झगा आला होता आणि त्या झग्याच्या भरवशावर मी एक मोठी चूकही करून बसलो होतो.

आमचे घर वसईच्या पश्चिम पट्ट्यातील. केळीची वाडी, मोगऱ्याचे वाफे, कुंपणालगत माड, मध्ये विहीर आणि थोड्या अंतरावर पावसाचे पाणी साठविणारे बावखल. आजोबा शेती करीत. त्यांना दोन मुलगे. थोरले माझे वडील पश्चिम रेल्वेच्या लोअर परळ येथील कारखान्यात कामाला लागले, तर धाकटे काका वाडीत राबू लागले. पहाटेच्या गाडीने मोगरा आणि चाफा दादरच्या बाजारात नेणे आणि दुपारी परत येऊन वाफ्यांना पाणी सोडणे, हा काकांचा वर्षानुवर्षांचा दिनक्रम होता.

आजोबांना शिक्षण बेताचे, पण फुटबॉलचे वेड विलक्षण. हे वेड त्यांना कोठून लागले कोणास ठाऊक. मुंबईला भाजी घेऊन जाता जाता एकदा ते कूपरेजच्या कुंपणाशी थांबले आणि मग थांबतच गेले, असे आजी सांगे. इंग्रजांच्या काळी त्या परिसरात पिंपे बनविणाऱ्या कारागिरांच्या शेड होत्या, त्यावरून मैदानाला कूपरेज हे नाव पडले. रोव्हर्स कप ही मुंबईची सर्वांत मानाची फुटबॉल स्पर्धा याच मैदानावर रंगे. 1891 मध्ये ती सुरू झाली तेव्हा वूस्टरशायर रेजिमेंट या गोऱ्या पलटणीने कप जिंकला आणि पुढे पुष्कळ वर्षे तो पलटणींकडेच राहिला. 1937 मध्ये बंगलोर मुस्लिम्स या संघाने तो प्रथमच भारतीयांच्या हाती आणला. आजोबांच्या तोंडी ही कथा एखाद्या संतचरित्राप्रमाणे येई. 1950 पासून 1954 पर्यंत सलग पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलीस संघाने तो कप जिंकला. त्या काळात आजोबांनी आपल्या दोन्ही मुलांना कूपरेजवर नेले. वडील तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचे, काका अकरा-बारांचे. आमच्या घराण्याच्या फुटबॉलप्रेमाची ही पायाभरणी होय.

माझा जन्म 1970 चा. मी पाच-सहा वर्षांचा झालो तेव्हा आमचीही कूपरेजची वारी सुरू झाली. पावसाळ्यात लीगचे सामने असत. त्यांना आम्ही क्वचितच जात असू. रोव्हर्सचा एखादा रविवार मात्र आमचा ठरलेला असे. पहिल्या मिस्साला सारे कुटुंब हजर राहायचे, घरी येऊन पेज घ्यायची आणि एस.टी.ने वसई रोड स्टेशन गाठायचे. गाडी भाईंदरच्या खाडीवर आली की काका क्रुसाची खूण करीत आणि आम्ही मुले खिडकीतून खालच्या होड्या मोजत असू. चर्चगेटला उतरून आम्ही ओव्हल मैदानाच्या कडेने चालू लागलो की वडिलांची पावले मंदावत. 1964 च्या डिसेंबरात ओव्हलवर आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेस भरली होती आणि पोपमहोदय सहावे पॉल मुंबईला आले होते. भारतभूमीवर पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. त्या जनसागरात वडील आणि काका एकमेकांचा हात धरून उभे होते.

“हात सोडला असता तर हा कुठे हरवला असता देव जाणे,” वडील काकांकडे पाहून म्हणत.

“मी एकवीस वर्षांचा होतो, दादा!” काका हसत उत्तर देत.

हा संवाद दर वर्षी त्याच झाडाखाली होई आणि दर वर्षी आम्ही मुले तितक्याच आवडीने तो ऐकत असू. तेथून पुढे वुडहाऊस रोडवरील पवित्र नाम महामंदिरात पाच मिनिटे गुडघे टेकायचे आणि मग कूपरेज. कोणाचा संघ जिंकावा अशी प्रार्थना करायची नाही, ही वडिलांची सक्त ताकीद होती. “तिकडच्या बाजूलाही कोणी प्रार्थना करीत असेल. देवाला उगाच पेचात टाकू नये,” असे ते म्हणत.

कूपरेजच्या स्वस्त तिकिटांच्या बाजूला अवघी मुंबई बसलेली दिसे. धोबीतलावच्या कुडांत राहणारे गोवेकर धेंपोचा किंवा साळगावकरचा सामना असला की मांडोवीकाठची सारी जत्रा घेऊन येत. धोतराचा सोगा सावरीत बसणारे बंगाली बाबू मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या दोन तटांत विभागलेले असत. मोहमेडन स्पोर्टिंगसाठी महमद अली रोड आणि नागपाड्याहून माणसे लोटत. गिरण्यांतले, गोदीतले, बँकांतले, रेल्वेतले सारे खांद्याला खांदा लावून बसत. खारे दाणे एकाच पुडीतून एकमेकांना दिले जात आणि पंचाला शिव्याशापही एकमुखाने दिले जात. त्यातील काही शब्दांचा अर्थ आम्ही वडिलांना विचारला, तेव्हा त्यांनी आमच्या हाती केळी दिली.

काका मोहमेडन स्पोर्टिंगचे. दादरच्या बाजारात लग्नाच्या सेहऱ्यांसाठी त्यांच्याकडून मोगरा घेणारा एक मुसलमान व्यापारी होता. त्याच्या संगतीने काका त्या संघाचे झाले ते कायमचे. वडिलांचा असा एक संघ नव्हता. गोव्याचा संघ असला तर त्यांचे मन त्या बाजूला झुके, एरवी चांगला खेळेल तो त्यांचा. काकांना हे मुळीच मान्य नव्हते. “ज्याचा कोणताच संघ नाही, त्याने तिकीट कशाला काढावे?” असे ते विचारीत.

1979 मध्ये आजोबा वारले. वर्षश्राद्धाच्या मिस्सापूर्वीच वाडीची वाटणी झाली. जमीन दोन भागांत सहज विभागली गेली, परंतु विहीर विभागता येईना. ती नेमकी बांधावर होती आणि तिच्यावर एकच विजेचा पंप होता. एक दिवस एकाचा, दुसरा दिवस दुसऱ्याचा असे ठरले. कागदावर हे सोपे होते. वडील कारखान्यातून रात्री घरी येत, तोवर त्यांच्या पाळीचा दिवस सरलेला असे, कधी वीजच नसे. उन्हाळ्यात काकांचा मोगरा पाण्यावाचून सुकू लागला की ते वडिलांच्या पाळीतही पंप चालवीत. एके रात्री वडिलांनी पंपाचा फ्यूज काढून घरात आणून ठेवला. काका अंगणात आले.

“नोकरदाराला पाणी कशाला हवे? महिना भरला की तुझा पगार येतो. माझा पगार त्या वाफ्यात आहे.”

“विहीर बापाने खणली आहे. तू नाही,” वडील म्हणाले.

या दोन वाक्यांनंतर दोन्ही घरांतील बोलणे बंद झाले. चर्चमध्ये आमची कुटुंबे दोन वेगळ्या बाजूंना बसू लागली. आजी एक महिना आमच्याकडे आणि एक महिना काकांकडे जेवू लागली. बांधावर चिवाऱ्यांचे कुंपण उभे राहिले. मी आणि माझा चुलतभाऊ एकाच वयाचे, एकाच वर्गातले. आम्ही शाळेत एकत्र खेळत असू आणि घराजवळ येताच निरनिराळ्या वाटांनी जात असू. मोठ्यांचे भांडण मुले किती लवकर शिकतात, हे मी तेव्हा शिकलो.

1980 चा रोव्हर्स कप सुरू झाला. ईस्ट बंगालकडे त्या वर्षी मजीद बिश्कर आणि जमशेद नासिरी हे इराणी खेळाडू आले होते आणि वर्तमानपत्रे त्यांच्या कौतुकाने भरलेली होती. वडिलांना जावेसे वाटत होते. कुंपणापलीकडे काकांनाही वाटत असणार. कोणीच विषय काढीना. शेवटी आजीने काढला. एका शनिवारी संध्याकाळी रोझरी संपल्यावर तिने दोन्ही मुलांना कुंपणाशी बोलावले. ती स्वतः कुंपणाच्या तोंडाशी उभी राहिली.

“तुमच्या बापाने तुम्हाला एकाच गाडीतून नेले होते,” ती म्हणाली. “माझ्या नातवांना दोन गाड्यांतून न्याल तर मी कोणाच्याच घरी जेवणार नाही.”

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघे निघालो. आईने चौघांना पुरेल एवढी तांदळाची भाकरी, अंडी आणि बटाट्याची भाजी बांधून दिली. ती चौघांची आहे हे मात्र तिने कोणाला सांगितले नाही. गाडीत आम्ही दोन मुले मध्ये आणि ते दोघे दोन बाजूंना. ओव्हलवरचे ते झाड आले आणि गेले, पण कोणी काही बोलले नाही. महामंदिरात दोघांनी दोन बाकांवर गुडघे टेकले. मैदानावरही तोच क्रम राहिला. डबा उघडला तेव्हा वडिलांनी एक भाकरी माझ्या हाती दिली आणि डोळ्यांनीच पलीकडे खुणावले. मी ती चुलतभावाला दिली, त्याने काकांना दिली. काकांनी ती खाल्ली.

सामना ईस्ट बंगालचा होता. मजीदच्या पायाशी चेंडू आला की सारी बाजू उठून उभी राही. कोणी सांगितले म्हणून नव्हे, तर चेंडूच त्याला विचारून पुढे जातो आहे असे वाटे. वडील नेहमी शांत बसून सामना पाहत, परंतु त्या दिवशी तेही उठले. एका क्षणी मजीदने दोघांना चकवून चेंडू पुढे सरकविला आणि काका ओरडले, “दादा, पाहिलेस?”

दीड वर्षानंतर काकांच्या तोंडून तो शब्द बाहेर पडला होता. आमच्या डोक्यांवरून त्यांचा हात वडिलांच्या खांद्यावर गेला होता. वडिलांनी मैदानावरून नजर हलविली नाही. “पाहिले,” ते एवढेच म्हणाले. हात काही वेळ तेथेच राहिला. मग खेळ थांबला आणि तो मागे घेतला गेला. परतीच्या गाडीत पुन्हा तीच शांतता होती, पण तिची धार बोथट झाली होती.

काही दिवसांनी स्पर्धेचा निकाल लागला. ईस्ट बंगाल आणि मोहमेडन स्पोर्टिंग यांना संयुक्त विजेते जाहीर करण्यात आले. दादरहून येताना काकांनी वर्तमानपत्र आणले आणि कुंपणावरून माझ्या हाती दिले. “तुझ्या बाबांना दाखव,” ते म्हणाले. वडील कामावरून आले, हातपाय धुऊन त्यांनी ते वाचले आणि बराच वेळ ते गप्प बसले.

“बाबा, दोघेही जिंकले असे कसे होईल?” मी विचारले.

“होते तसे कधी कधी.”

“मग कप कोणाकडे राहणार?”

“अर्धे वर्ष एकाकडे, अर्धे वर्ष दुसऱ्याकडे राहील,” ते म्हणाले आणि पुन्हा गप्प झाले. थोड्या वेळाने उठून त्यांनी कपाटातून काहीतरी काढले, कुंपणाजवळ गेले आणि काकांना हाक मारली. ठरले ते असे: उन्हाळ्याचे चार महिने पंप काकांचा, कारण मोगऱ्याला तेव्हाच पाणी लागते, पावसाळ्यानंतर तो आमचा. वडिलांच्या केळी त्या उन्हाळ्यात थोड्या सुकल्या. कुंपण मात्र लगेच निघाले नाही. चिवारे हळूहळू कुजले आणि नवे कोणी रोवले नाहीत.

ही गोष्ट येथे संपविता आली असती तर बरे झाले असते. धर्मगुरू प्रवचनात अशा गोष्टी येथेच संपवितात. मीही ती तशी अनेकदा सांगितली आहे.

पुढे मी गोरेगावच्या सेमिनरीत गेलो. याच सुमारास वसईचे रूप पालटू लागले. 1988 नंतर येथील जमिनी बांधकामासाठी खुल्या होऊ लागल्या, 1990 मध्ये सिडकोकडे नियोजन सोपविण्यात आले आणि जिकडेतिकडे इमारती उठू लागल्या. त्याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून जनतेला उभे केले. आम्ही तरुण सेमिनरीयन त्या आंदोलनाने भारावून गेलो होतो. जमीन विकणारा तो मातीशी बेइमान, असे आमचे सोपे समीकरण होते. अशातच 1995 मध्ये काकांनी आपल्या वाट्याची वाडी बिल्डरला विकली आणि स्टेशनजवळच्या एका फ्लॅटमध्ये ते राहायला गेले. मी त्यांना भेटायला गेलो नाही. सुट्टीत घरी आलो की त्या बाजूची खिडकी मी बंद करून घेई. तेथे आता मोगऱ्याच्या जागी सिमेंट कालविण्याचे यंत्र फिरत होते.

1998 मध्ये मला गुरुदीक्षा मिळाली. त्याच वर्षी वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला. जून महिन्यात आजीच्या पुण्यतिथीची मिस्सा आमच्या गावच्या चर्चमध्ये मी अर्पण केली. त्या सोमवारचे पहिले वाचन नाबोथाच्या द्राक्षमळ्याचे होते. अहाब राजाने मळा मागितला, परंतु नाबोथाने पूर्वजांचे वतन दिले नाही आणि त्यासाठी प्राण गमावला. नवा धर्मगुरू, नवा आवेश. मी म्हणालो की त्या काळी मळा मिळविण्यासाठी राजाला खून करवावा लागला, आज मात्र राजाने दार ठोठावण्याआधीच आपण मळा त्याच्या हाती ठेवतो. दगडमार नाबोथाला झाला, आपल्याला मात्र फ्लॅट मिळतो.

बाकांवर थोडे हसू पसरले. काही माना वळल्या. त्या जेथे वळल्या तेथे, पुढच्या बाकावर, काका बसले होते. त्यांच्याच आईची मिस्सा होती. त्यांनी मान खाली घातली नाही. ते माझ्याकडे पाहत राहिले आणि प्रसादाच्या वेळी रांगेत उभे राहून माझ्याच हातून त्यांनी ख्रिस्तशरीर स्वीकारले. मिस्सानंतर कोणाशी न बोलता ते निघून गेले.

त्या रात्री वडील माझ्याशी जेवणापुरतेच बोलले. नंतर ओटीवर येऊन बसले.

“विहिरीचे पाणी चाखलेस का तू अलीकडे?” त्यांनी विचारले.

मी चाखले नव्हते. घरात आता नळ होता.

“मचूळ झाले आहे. आठ वर्षे होत आली. टँकरवाल्यांनी आसपासच्या विहिरी उपसल्या, बावखले बुजवली, मग खारे पाणी आत शिरले. मोगरा पहिल्याच वर्षी गेला. तो दुसऱ्याचा मोगरा विकत घेऊन दादरला नेत होता, ठाऊक आहे? पोरीचे लग्न काढले तेव्हा कर्ज झाले. माझ्याकडे येऊन बसला होता, याच जागी. मी काय देणार होतो?” वडील थोडे थांबले. “माझी वाडी राहिली ती मी नाबोथ आहे म्हणून नाही. मला रेल्वेची पेन्शन आहे म्हणून राहिली. ‘माझा पगार वाफ्यात आहे’ असे तो म्हणाला होता. तुला आठवत असेल.”

मला आठवत होते. सेमिनरीत मी तत्त्वज्ञान शिकलो, ईशज्ञान शिकलो, पण ज्या विहिरीच्या पाण्यावर वाढलो तिचे पाणी खारे झाले हे मला कळले नव्हते. जमीन वाचविण्याचा लढा खरा होता आणि आजही मी त्याच्या बाजूचा आहे. परंतु ज्याच्या पायांखालून जमीन सरकली, त्याची बाजू ऐकण्यापूर्वी मी त्याला निकाल सांगितला होता, आणि तोही वेदीवरून, जेथे त्याला उत्तर देता येत नव्हते.

“कूपरेजवर आपण दुसऱ्या संघाच्या माणसाशेजारी बसून त्याचे दाणे खात होतो,” वडील उठता उठता म्हणाले. “तो माणूस आपल्या शेजारी बसलेला आहे, एवढे तरी पाहायचे होतेस.”

जुलै महिन्यात विश्वचषकाचा अंतिम सामना होता, फ्रान्स आणि ब्राझील यांचा. वडील दर मोठ्या सामन्याला काकांच्या फ्लॅटवर जात असत. मला हेही ठाऊक नव्हते. 12 जुलैच्या रात्री ते मला म्हणाले, “चल.” बाहेर पाऊस कोसळत होता. आमच्या वेळेप्रमाणे सामना मध्यरात्रीनंतर साडेबाराला सुरू व्हायचा होता. काकीने दार उघडले. काका दूरदर्शन संचासमोर बसले होते. मी वाक्ये जुळवून आणली होती. सेमिनरीत आम्हाला पश्चात्तापाची उत्तम वाक्ये येत असतात. परंतु त्यांच्यासमोर उभा राहिलो तेव्हा त्यातले एकही आठवेना.

“काका, त्या दिवशी मी चुकलो.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. “होय, चुकलास,” ते म्हणाले. मग बाकड्यावर थोडे सरकून त्यांनी आपल्या आणि वडिलांच्या मध्ये जागा केली. “बस. सुरू होतो आहे.”

अठ्ठावीस वर्षांचा मी त्या दोघांच्या मध्ये बसलो. ब्राझीलचा रोनाल्डो त्या दिवशी आजारी पडला होता. संघाच्या यादीतून आधी त्याचे नाव गाळले होते, मग पुन्हा घातले. तो मैदानावर नुसताच फिरत होता. झिदानने डोक्याने दोन गोल केले, शेवटी पेतीने तिसरा केला आणि फ्रान्स जिंकले. वडील अर्थातच फ्रान्सचे झाले होते. काका ब्राझीलचे, पण ते चिडले नाहीत. “पोर आजारी होते. त्याला बसवून ठेवायला हवे होते,” असे ते पुनःपुन्हा म्हणत राहिले. पहाटे काकीने चहा आणि ब्रुन पाव दिला. निघताना काकांनी माझ्या हाती छत्री दिली आणि ती परत आणून दे म्हणून बजावले. ती छत्री परत देण्यासाठी मी गेलो आणि मग जातच राहिलो.

उत्पत्तीच्या पुस्तकात इसहाकाच्या विहिरींची एक कथा आहे. त्याच्या चाकरांनी विहीर खणली की गरारचे गुराखी भांडायला येत. एका विहिरीचे नाव भांडणावरून पडले, दुसरीचे वैरावरून. तिसऱ्या विहिरीवर कोणी भांडले नाही, तेव्हा तिचे नाव त्याने रहोबोथ ठेवले. रहोबोथ म्हणजे मोकळी, ऐसपैस जागा. माझ्या त्या प्रवचनासाठी हे वाचन मी निवडायला हवे होते, असे मला पुढे अनेकदा वाटले. नाबोथाची कथा दुसऱ्याला ऐकविणे सोपे असते. इसहाकाची कथा स्वतःच्या घरात वाचावी लागते.

रोव्हर्स कप 2000-01 च्या हंगामानंतर बंद पडला. काका 2009 मध्ये गेले. त्यांच्या अंत्यविधीची मिस्सा मीच अर्पण केली आणि प्रवचनात फुटबॉलखेरीज फारसे काही बोललो नाही. वडील 2015 मध्ये गेले. आता मी एका धर्मग्रामाचा प्रमुख धर्मगुरू आहे. वाटणीची भांडणे घेऊन भाऊ माझ्याकडे येतात. त्यांना मी समोरासमोर बसवीत नाही. तीन खुर्च्या एका ओळीत मांडतो आणि मधल्या खुर्चीवर मी बसतो. कधी उपयोग होतो, कधी होत नाही. न झाला तर कोण चूक आणि कोण बरोबर हे मी पूर्वीइतक्या झटपट सांगत नाही. विहिरीचे पाणी कसे आहे ते आधी विचारतो.

माझा चुलतभाऊ आज कतारमध्ये नोकरीला आहे. 18 डिसेंबर 2022 रोजी तेथील लुसैल येथे विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. आगमनकाळातील चौथा रविवार होता. संध्याकाळची कामे आटोपून मी धर्मगुरुनिवासात दूरदर्शन संचासमोर बसलो, तोच त्याचा फोन आला. त्याला तिकीट मिळाले नव्हते. दोहातील आपल्या खोलीत बसून तोही सामना पाहत होता. आम्ही फोन बंद केलाच नाही. दोन्हीकडे तो टेबलावर ठेवला आणि दोघांनी सामना पाहिला. अर्जेंटिना आणि फ्रान्स यांची जादा वेळेनंतरही 3-3 अशी बरोबरी झाली. पेनल्टीसाठी खेळाडू मैदानाच्या मध्यभागी ओळीने उभे राहिले, तेव्हा फोनमधून त्याचा आवाज आला.

“आज कप वाटून द्यायला हवा होता रे. सहा महिने यांच्याकडे, सहा महिने त्यांच्याकडे.”

अर्जेंटिनाने पेनल्टीवर 4-2 असा विजय मिळविला. आम्ही दोघेही त्यानंतर बराच वेळ विहिरीविषयी बोलत राहिलो.